समुपदेशकाचं कोण ऐकतं?

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या घराघरातला आहे, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा.

दारूचा विषय निघाला की आपल्याकडच्या ग्रामसभेत दोनच मागण्या होतात. पहिली, गोव्याहून येणारी चोरटी दारू थांबवा, बाटली आडवी करा. दुसरी, जवळपास एखादं व्यसनमुक्ती केंद्र काढा. दोन्ही रास्त आहेत. पण मी विजयदुर्गचा, आणि इतक्या वर्षांत एक तिसरा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. त्या केंद्रात बसणारा समुपदेशक हे काम कुठून शिकणार? आणि त्याचं काम नीट चाललंय की नाही, हे कोण बघणार?

हा प्रश्न किरकोळ वाटेल. तसा तो नाही. २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मागे एक. म्हणजे मुळात उपचारापर्यंत पोचणाराच विरळा. तो पोचला, आणि समोरचा समुपदेशक चुकीचं बोलला, तर तो माणूस बहुधा परत येत नाही. घरचेही मग म्हणतात, "तेका काय उपयोग नाय."

आमच्या किनाऱ्यावर हे कसं होतं ते सांगतो. पावसाळी मासेमारीबंदी लागली की बोटी वर येतात, खलाशाच्या हातात हिशेबाचे पैसे येतात आणि दोन महिने काम नसतं. कुणाचं प्रकरण हाताबाहेर गेलं की घरचे पुण्याला नाहीतर कोल्हापूरला नेऊन दाखल करतात. महिना-दीड महिन्याने माणूस परत येतो, तो त्याच वाडीत, त्याच धक्क्यावर, त्याच दोस्तांत. खरं काम इथून पुढचं असतं. ते करायला गावात किंवा तालुक्याला एखादा समुपदेशक असला तर असतो. तो एकटा असतो. समोरचा माणूस त्याच्या आत्येचा मुलगा असू शकतो. त्याची बायको रात्री अकराला फोन करते. कुणी हातउसने पैसे मागतो. कुणी शपथेवर खोटं बोलतो. सहा महिने कोरडा राहिलेला एक दिवस पुन्हा पितो, आणि आपल्या समुपदेशकाला वाटतं, आपणच हरलो. हे सगळं त्याने कुणाशी बोलायचं? घरी सांगता येत नाही, गोपनीयता आहे. वरिष्ठ विचारतात ते फक्त रजिस्टर भरलं का एवढंच.

जगात या 'कुणाशी बोलायचं'ला एक नाव आहे, सुपरव्हिजन. आपल्याकडे सुपरवायझर म्हटलं की परीक्षेतला पहारा किंवा साइटवरचा मुकादम आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. अनुभवी माणूस आणि काम करणारा समुपदेशक ठरलेल्या वेळी बसतात. एखादी केस उलगडून बघतात. काय बोललास, का बोललास, त्याने काय उत्तर दिलं, तेव्हा तुला काय वाटलं, पुढच्या वेळी काय करशील, हे बोलतात. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं.

ही पद्धत आली कुठून?

१९२० साली बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला. तिथे पुढे दोन-तीन वर्षांत नियम झाला की शिकाऊ विश्लेषकाने आपल्या केस जाणत्या विश्लेषकापुढे नियमित मांडायच्या. नुसती पुस्तकं वाचून आणि व्याख्यानं ऐकून भागणार नाही. मन बरं करण्याच्या धंद्यात 'तुझं काम दाखव' हा दंडक तिथे पक्का झाला.

मुंबईत तो वेगळ्या वाटेने आला. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली समाजकार्याची पहिली शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. समाजकार्याचे विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस वस्तीत, दवाखान्यात काम करतात, त्याचं लेखी वर्णन करतात आणि ते घेऊन पर्यवेक्षकासमोर बसतात. आपल्या राज्यात एमएसडब्ल्यू केलेल्या कुणालाही विचारा, 'फील्डवर्क' आणि 'रेकॉर्डिंग लिहिणं' हे शब्द ऐकून तो हसेल. १९७६ साली आल्फ्रेड कदुशिन या अमेरिकन अभ्यासकाने अशा पर्यवेक्षकाची तीन कामं सांगितली: कारभार बघणं, शिकवणं आणि आधार देणं. आपल्या सरकारी योजनांत पहिलं काम जोरात चालतं. उरलेली दोन बहुतेक वेळा कागदावरही नसतात.

आता व्यसनमुक्तीचा स्वतःचा इतिहास. तो फार वेगळा आहे, आणि आपली अडचण तिथेच आहे.

या क्षेत्रात शिकवणारे आधी डॉक्टर नव्हते, तर दारूतून सुटलेले लोकच होते. १९१० च्या दशकात बोस्टनमध्ये कोर्टने बेलर नावाचा माणूस एका चर्चच्या उपक्रमात दारूतून बाहेर पडला, आणि त्यालाच पगारावर इतरांना मदत करायला ठेवलं. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. पिणारा पिणाऱ्याशी बोलतो, जुना सदस्य नव्याचा 'स्पॉन्सर' होतो. १९५४ च्या सुमारास मिनेसोटा राज्याने आपल्या सरकारी नोकऱ्यांत दारूविषयक समुपदेशकाचं पदच तयार केलं, आणि व्यसनातून बाहेर आलेले लोक त्यावर रीतसर नोकरीला लागले.

हेच वारं आपल्याकडे आलं. १९५७ साली ए.ए. भारतात आलं. १९८० साली चेन्नईत शांती रंगनाथन यांनी टीटीके केंद्र सुरू केलं, १९८१ साली वांद्र्यात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्यात केंद्र सुरू केलं, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. तितकी बोलली न जाणारी गोष्ट म्हणजे तिथे बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. ज्याने स्वतः गर्द ओढली, तोच आज नव्या पोराच्या शेजारी बसतो.

याची ताकद कुणी नाकारू नये. 'मी पण तिथून आलोय' या एका वाक्याने जे दार उघडतं, ते पदवीने उघडत नाही. १९९१ साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी माणसं धंदा कसा शिकतात यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पाच उदाहरणं घेतली: सुईणी, शिंपी, जहाजावर दिशा काढणारे नौसैनिक, खाटीक, आणि पाचवं, दारू सोडलेले ए.ए. सदस्य. त्यांचं म्हणणं असं की नवखा आधी कडेला असतो, छोटी कामं करतो, जाणत्यांना बघतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. आम्हा किनाऱ्यावरच्यांना हे वेगळं सांगायला नको. बोटीवर नवीन पोरगा चढतो तेव्हा भात शिजवतो, मासे निवडतो, जाळं आवरतो. पाणी कुठे उथळ आहे, वारा कधी फिरणार, हे तांडेलाच्या शेजारी उभं राहून शिकतो. त्याच्या हातात सुकाणू पहिल्या दिवशी कुणी देत नाही, आणि दिलं तरी तांडेल बाजूलाच असतो.

पण व्यसनमुक्तीत हेच झालं. पोरगा वर्षभर कोरडा राहिला, बोलायला चांगला आहे, चार दिवसांचं शिबिर केलं, दिलं सुकाणू. तांडेल कुठे? तो पुण्याला.

मग काय होतं? 'मी असा सुटलो, म्हणून तूही असाच सुटशील' हा सगळ्यात मोठा धोका. समोरच्याची गोष्ट वेगळी असते, पण समुपदेशकाला स्वतःचीच गोष्ट दिसत राहते. दुसरा धोका, तो चिडतो. खोटं बोलणाऱ्यात त्याला स्वतःचा जुना चेहरा दिसतो. तिसरा, तो स्वतःच घसरतो. आणि चौथा सरळ जिवावरचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ही वेळ गप्पांची नसून डॉक्टरची आहे, हे वेळेत ओळखायला शिकवावं लागतं. ज्याला विचारायला कुणी नाही, तो अंदाजाने चालतो.

अमेरिकेत हीच अडचण आली तेव्हा सुपरव्हिजनचे नमुने तयार झाले. नावं जड आहेत, आशय सोपा आहे.

१९७९ साली जॅनिन बर्नार्ड यांनी म्हटलं, पर्यवेक्षकाने वेळ बघून तीन भूमिका घ्याव्यात. कधी शिक्षक: 'फिट आली तर आधी हे कर.' कधी समुपदेशक: 'या माणसावर तू एवढा का चिडलास?' कधी बरोबरीचा सल्लागार: 'तुला काय वाटतं, काय करूया?' १९८१ साली कॅल स्टोल्टेनबर्ग यांनी सांगितलं, समुपदेशक टप्प्याटप्प्याने वाढतो. सुरुवातीला घाबरलेला असतो, त्याला स्पष्ट सूचना लागतात. मधल्या टप्प्यात कधी फाजील आत्मविश्वास, कधी पूर्ण खचलेला. शेवटी स्वतःच्या पायावर उभा. म्हणजे नवख्याला 'तूच ठरव' म्हणणं आणि दहा वर्षं काम केलेल्याला बारीकसारीक सूचना देणं, दोन्ही चूक. १९९३ साली डेव्हिड पॉवेल यांनी खास व्यसनमुक्तीच्या समुपदेशकांसाठी पुस्तक लिहून या सगळ्याची सांगड घातली. कारण या क्षेत्रातला समुपदेशक बहुधा स्वतःच त्या वाटेवरून आलेला असतो. त्याचा अनुभव वाया घालवायचा नाही, आणि तो एकटाच पुरेसा आहे असंही मानायचं नाही.

तुम्ही म्हणाल, शिबिरं घेतो की आपण. प्रमाणपत्रं देतो. मग आणखी काय?

इथे विल्यम मिलर यांची गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ साली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेत बर्गनजवळच्या एका दारूमुक्ती दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना प्रात्यक्षिक करायला लावलं आणि मधेच थांबवून विचारत राहिले: हाच प्रश्न का विचारलात? त्याचं हे वाक्य उचललंत, ते का सोडलंत? उत्तरं देता देता मिलर यांना कळलं की आपण नकळत काही नियम पाळतोय. माणसाशी वाद घालायचा नाही, बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. १९८३ साली त्यांनी ते मांडलं. आज जगभर शिकवली जाणारी 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ती हीच. म्हणजे ही पद्धतच मुळात 'तुझं काम उलगडून दाखव' या प्रश्नातून जन्मली.

पुढची गोष्ट आणखी बोलकी. मिलर यांनी स्वतःच तपासलं की दोन दिवसांच्या शिबिराने काही फरक पडतो का. २००१ साली निष्कर्ष आला. शिबिर केलेल्यांना वाटत होतं की आपण खूप शिकलो. पण त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसांच्या बोलण्यात काही फरक पडला नव्हता. मग २००४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात १४० व्यावसायिकांचे गट केले. शिबिरानंतर ज्यांना स्वतःच्या मुलाखतींवर अभिप्राय मिळाला आणि शिवाय कुणीतरी वेळोवेळी मार्गदर्शन केलं, त्यांच्याच समोरची माणसं बदलाबद्दल जास्त बोलू लागली. सगळं तात्पर्य यात आलं. शिबिराने समुपदेशकाला बरं वाटतं. रुग्णाला बरं वाटायला पुढचा पाठपुरावा लागतो, आणि तो समुपदेशकाचाही लागतो.

हे सगळं गोऱ्या लोकांचं, पैसेवाल्यांचं, आपल्याला कुठून परवडणार? हा आक्षेप मी बैठकांत ऐकलाय. त्याला उत्तर द्यायला नॉर्वेला जायला नको. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडा, पुरे.

गोव्यात १९९६ पासून 'संगथ' ही संस्था मानसिक आरोग्यात काम करते. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी तिथे दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. घातक प्रमाणात पिणारे, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय एक ते चार भेटींचं समुपदेशन. समुपदेशक कोण? मानसशास्त्राची कसलीही पदवी नसलेली, आजूबाजूच्याच समाजातली माणसं. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सुरक्षित पातळीवर आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. वर्षाने पाहिलं तरी फरक टिकून होता. सगळं साधलं असंही नाही. बायकोला होणारी मारहाण या उपचाराने कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि हे त्यांनी लपवलं नाही.

बातम्यांत आलं ते एवढंच: 'साध्या माणसांनी दारू सोडवली.' त्यामागची यंत्रणा फारशी कुणी सांगितली नाही. या साध्या माणसांना प्रशिक्षण होतं, मग महिनोन्महिने उमेदवारी होती, आणि नंतर दर आठवड्याला गटाची सुपरव्हिजन होती. संमती घेऊन भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं, गटात ते ऐकलं जायचं आणि ठरावीक मोजपट्टीवर सगळे गुण द्यायचे. सुरुवातीला तज्ज्ञ गट चालवायचे, पुढे समुपदेशक आपापसात पाळीपाळीने चालवू लागले. २०१४ साली या पद्धतीचाच अभ्यास प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण बऱ्यापैकी जुळले. याचा अर्थ नीट घ्या. दर तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे खरं आहे. पण चार समुपदेशक एकमेकांचं काम ऐकू शकतात, आणि महिन्यातून एकदा जाणता माणूस त्यांच्यात बसू शकतो.

आपल्या सिंधुदुर्गात हे का होऊ नये? ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, देवगडला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, आशाताई आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जच्या गैरवापरातून येणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरतो, म्हणजे कायद्यानेही हा आरोग्याचाच विषय आहे. फोन करायला व्यसनमुक्तीची १४४४६ आणि टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे. नाही ती फक्त आठवड्यातली एक ठरलेली वेळ, जिथे समुपदेशक आपलं काम घेऊन बसेल.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत केंद्राची मागणी जरूर करा, पण सोबत चार प्रश्न विचारा.

१. इथल्या समुपदेशकाचं काम दर आठवड्याला कोण ऐकणार? नाव सांगा.

२. ऐकणारा आणि त्याची पगारवाढ ठरवणारा एकच माणूस नसेल ना? कारण साहेबासमोर कुणी मनातलं बोलत नाही.

३. कोणत्या लक्षणांवर रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं, हे लेखी आहे का?

४. समुपदेशक स्वतः घसरला, तर त्याला हाकलणार की सावरणार?

यातल्या एकालाही मोठा निधी लागत नाही. चार माणसांचे दोन तास, येण्याजाण्याचं एसटीचं भाडं आणि चहा. ऑनलाइन बसलं तर तेही नाही. लागते ती एक सवय: आपलं काम दुसऱ्याला दाखवायची आणि त्यात लाज न वाटायची. आपल्याकडे कीर्तनकार, गवई, दशावतारी, सगळे असेच शिकत आलेत. रात्री खेळ झाला की जुना नट नव्याला सांगतो, तुझा संवाद कुठे पडला. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आत्ता या क्षणी आपल्या किनाऱ्यावर कुणीतरी समुपदेशक एकटा बसून विचार करतोय की उद्या तो खलाशी आला तर त्याच्याशी काय बोलायचं. त्याच्याकडून आपण चमत्काराची अपेक्षा करतो आणि त्याला विचारायला एक माणूसही देत नाही. तुमच्या तालुक्यात असा कुणी असेल तर आधी त्याला भेटा, त्याचं ऐका. आणि पटलं तर ही पोस्ट तुमच्या सरपंचांना, आरोग्य सभापतींना पाठवा.